सायकल जड आहे की जड चालते?

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं-मुली सायकलवर शाळेला येतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदतही मिळते. पण वर्ष-दोन वर्षांत त्यातल्या काही सायकली गोठ्याच्या भिंतीला टेकतात. का, तर ‘जड चालते.’ मग घरात नवी, हलकी सायकल घ्यायची चर्चा सुरू होते. त्याआधी एक फरक समजून घ्यायला हवा. सायकल जड असणं ही एक गोष्ट आहे आणि जड चालणं ही दुसरी.

गैरसमज १ : पाच किलो हलकी सायकल घेतली की पायाचे कष्ट निम्मे होतात.

वस्तुस्थिती : पाय फक्त सायकल ओढत नाहीत. चाळीस किलोची मुलगी, पाच किलोचं दप्तर आणि वीस किलोची सायकल असं एकूण पासष्ट किलो वजन पुढे जात असतं. त्यातले पाच किलो कमी झाले तर तेरावा हिस्सा गेला. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी बारा किलोमीटरच्या वेगाने जाताना टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण त्याच प्रमाणात कमी होतं. वाऱ्याचा विरोध मात्र तेवढाच राहतो. म्हणजे एकूण बचत शंभरात पाचच्या आसपास.

वाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. ताशी बाराने जाताना समोरून तितक्याच वेगाचा वारा आला, तर हवेचा विरोध चौपट होतो. झरीच्या शिवारातल्या उघड्या, सपाट रस्त्यावर वारा अडवायला काही नसतं. अशा दिवशी सायकल जड वाटते, पण तिचं वजन मात्र कालच्याइतकंच असतं.

गैरसमज २ : जड चालते म्हणजे दोष वजनाचाच.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा दोष हवेचा, तेलाचा किंवा सीटच्या उंचीचा असतो. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि पुन्हा फुगतो. त्यात पायाची ताकद उष्णता होऊन वाया जाते. टायरच्या बाजूवर हवेचा दाब कोरलेला असतो, त्या मर्यादेत हवा भरावी. ब्रेकचं रबर रिमला घासत असेल, रिम आउट झाली असेल, हबमधलं ग्रीस सुकलं असेल किंवा चेन गंजली असेल, तर दहा किलोची सायकलही जड चालेल.

सीटची उंची तर आपण पाहतच नाही. खाली बसवलेल्या सीटवर गुडघे सतत दुमडलेले राहतात आणि मांडीची पूर्ण ताकद पॅडलवर येत नाही. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. नवशिक्याने सुरुवातीला सीट थोडी खाली ठेवावी, तोल जमला की वर घ्यावी.

गैरसमज ३ : गिअर आणि शॉकअप असले की सायकल हलकी चालते.

वस्तुस्थिती : गिअरने काम कमी होत नाही, विभागलं जातं. कमी जोर लावून जास्त फेरे मारावे लागतात. चढाला हा मोठा आधार आहे. पण स्वस्त शॉकअपने सायकलीचं वजन वाढतं आणि पॅडल मारताना ती खालीवर होते. जाड, खोल खाचांचे टायरही डांबरावर जास्त ताकद खातात.

गैरसमज ४ : जुनी काळी सायकल जड असते म्हणूनच रस्ता धरून चालते.

वस्तुस्थिती : त्या स्थिरपणात मोठा वाटा तिच्या घडणीचा आहे. अठ्ठावीस इंची चाकं लहान खड्डे सहज ओलांडतात. दोन चाकांमधलं अंतर जास्त असतं आणि पुढचा चिमटा तिरका असतो, त्यामुळे हँडल फडफडत नाही. तशाच मापाची हलकी सायकलही बरीचशी तशीच चालेल.

गैरसमज ५ : मग वजनाला काही अर्थच नाही.

वस्तुस्थिती : अर्थ आहे, पण ठरावीक ठिकाणी. जिंतूरजवळच्या नेमगिरीसारख्या चढाला प्रत्येक किलो वर न्यावा लागतो आणि तिथे तेराव्या हिश्श्याचा फायदा जवळपास पूर्ण मिळतो. म्हणूनच घाटातल्या शर्यतींत ग्रॅम मोजले जातात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाला २००० साली ६.८ किलोची किमान मर्यादा घालावी लागली.

आपल्याकडे वजन सर्वांत जास्त कळतं ते पावसाळ्यात. काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरते, चाक फिरायचं थांबतं आणि पांदणीतून सायकल उचलून न्यावी लागते. तिथे पाच किलोंचा फरक हाताला आणि खांद्याला कळतो. सायकलवरचा माणूस जितका हलका, तितका हा फरक जास्त जाणवतो. म्हणून सातवी-आठवीतल्या मुलीसाठी सायकल घेताना ती तिला स्वतःला उचलता येते का, हे दुकानातच पाहा. पावसाळ्याचा विचार करून मडगार्ड आणि टायरमध्ये किती जागा आहे तेही बघा.

पण घरची सायकल गोठ्यात ढकलण्याआधी एक करा. स्टँडवर लावून मागचं चाक उचला आणि जोरात फिरवा. दोन फेऱ्यांतच थांबलं, तर ऑइलिंग आणि ब्रेककडे बघा. बराच वेळ फिरत राहिलं, तर टायर दाबून हवा तपासा आणि सीट वर घ्या. एवढं करून मुलीला गल्लीत एक चक्कर मारून यायला सांगा. नव्या सायकलीचं बोलायचं की नाही, ते ती परत आल्यावर ठरवा.