स्मृतिभ्रंश आणि आमच्या पेढ्या

धार नगरीची एक आख्यायिका जैन समाजात प्रसिद्ध आहे. भोजराजाच्या रोषामुळे कवी धनपालाचा ग्रंथ भस्मसात झाला. तेव्हा त्याच्या बालकन्येने त्याचा बराचसा भाग आठवून सांगितला व पित्याने तो पुन्हा लिहिला. त्या ग्रंथास कन्येचेच नाव मिळाले : तिलकमंजरी.

या कथेचे स्मरण आज आम्हांस निराळ्या कारणाने होते. धार व देवास येथील पेढ्यांचा व्यवहार वह्यांइतकाच वडीलधाऱ्यांच्या स्मरणावर चालत आला. कोणाची पत किती, शब्दावर माल कोणास दिला, हे त्यांच्या मुखी. ती स्मृतीच ढळू लागली म्हणजे घर व पेढी दोन्ही डळमळतात.

स्मृतिभ्रंशाचे प्रमुख कारण असलेल्या विकाराचे वर्णन १९०६ साली जर्मन वैद्य अल्झायमर यांनी केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनुसार साठीपुढील सुमारे ८८ लाख भारतीयांस स्मृतिभ्रंश आहे. २०१९ साली त्यापायी जगास सुमारे १ लाख ३० हजार कोटी डॉलर खर्च आला. त्यातील जवळजवळ निम्मा वाटा आप्तांच्या विनामूल्य शुश्रूषेचा. आमच्या घरी ती बहुधा पत्नी वा सून करते, आणि कोणत्याही खतावणीत तिची नोंद होत नाही.

मुखत्यारपत्र केले की चिंता मिटली, अशी अनेकांची समजूत आहे. ती चुकीची होय. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारी देणारा विकलचित्त झाल्यास ती संपुष्टात येते. भागीदार कायमचा विकलचित्त झाल्यास १९३२ च्या भागीदारी कायद्यान्वये भागीदारी मोडण्याचा दावाही होऊ शकतो. म्हणून मृत्युपत्र, भागीदारीचा लेख व येण्यादेण्याची यादी वडील सावध असतानाच, त्यांच्या संमतीने व वकिलाच्या सल्ल्याने करावी. बुद्धी ढळल्यावर सह्या घेणे हा व्यवहार नव्हे, अन्याय होय.

प्रत्येक विस्मृती मात्र असाध्य नसते. थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही स्मरण मंदावते. ही उणीव आम्हां शाकाहारी लोकांत विशेष संभवते, आणि तीवर उपचार आहेत. तेव्हा ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ न बसता तपासणी करावी. इंदूर काही दूर नाही.

ग्लानांची सेवा, म्हणजेच वैयावृत्य, यास आपल्या शास्त्रांनी आभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. ज्यांनी पेढी उभारली त्यांच्या हातून गल्ल्याची किल्ली घ्यावी लागली, तरी गादीवरील त्यांची जागा कोणी घेऊ नये, हीच आमची व्यापारी बंधूंस विनंती.