जुन्या चामडी बुटांवरची बुरशी: काय खरं, काय खोटं

पावसाळा ओसरू लागला की माळ्यावरचे चामडी बूट खाली निघतात आणि त्यांवर हिरवट-पांढरी लव दिसते. मग ब्लीच, खायचा सोडा, खोबरेल, कडक ऊन असे हाताशी असतील ते उपाय सुरू होतात. यातल्या बऱ्याच उपायांनी बुरशीआधी कातडंच मरतं, आणि चांगले बूट असे वाया गेलेले पाहवत नाहीत.

सर्वांत घातक समज ब्लीचचा. फरशीवर ते उत्तम काम करतं, म्हणून बुटावरही करेल असं वाटतं. पण कमावलेलं कातडं आम्लधर्मी असतं, त्याचा सामू साधारण 3.5 ते 5. घरगुती ब्लीचचा सामू 11 च्या पुढे. ते रंग तर उडवतंच, शिवाय कातडं ज्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाने बनलेलं आहे, त्यालाच कुरतडतं. नुकसान त्या दिवशी दिसत नाही. नंतर चालताना बूट जिथे मुडपतो, तिथे बोटांमागे आडव्या भेगा पडतात आणि त्या कोणत्याही पॉलिशने बुजत नाहीत. सोड्याची पेस्टही त्याच कारणाने टाळावी; कोरडा सोडा मात्र रात्रभर आत भुरभुरून सकाळी झटकला तर वास कमी होतो. ब्लीच लावून वर व्हिनेगर तर कधीच ओतू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

नुसतं पातळ केलेलं व्हिनेगर कातड्याला फारसं बाधत नाही, मिठाचे पांढरे डागही त्याने निघतात. पण बुरशीचे सगळे बीजाणू त्याने मरतील, ही खात्री नाही.

त्यापेक्षा भरवशाचं आहे ते 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. जितकं जास्त शुद्ध तितकं जास्त जालीम, हा समज चुकीचा आहे. अल्कोहोलला जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, म्हणून 99 टक्क्यांपेक्षा 70 टक्केच जास्त परिणामकारक. आधी बूट घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने बुरशी झाडावी. मग फडकं ओलसर करून पुसावं, बूट भिजवू नये. जिभेखालची घडी आणि तळव्याकडची शिवण विसरू नये, बुरशी तिथेच दडते. अल्कोहोलने रंग निघू शकतो, म्हणून आधी आतल्या कोपऱ्यात लावून पाहावं. गॅसजवळ तर हे काम नकोच.

तेलाने बुरशी जात नाही. अल्कोहोलने कोरड्या पडलेल्या कातड्याला कंडिशनर लागतं, पण तेही बुरशी काढून बूट वाळल्यावर, बोटाने अगदी पातळ. खोबरेल भसाभसा चोळलं तर कातडं सैल पडतं, धूळ धरतं आणि थंडीत तेच तेल गोठून वर पांढरं येतं. लोक त्यालाच पुन्हा बुरशी समजतात! हेअर ड्रायरची कोमट हवा द्यावी: स्निग्धांश असेल तर विरघळून दिसेनासा होतो, बुरशी जागची हलत नाही.

कडक उन्हाने वरचं कातडं ताठरतं, आणि किरण बुटाच्या पुढच्या टोकाशी आत पोचतच नाहीत. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत, वाऱ्यावर ठेवावं. बूट फ्रीजरमध्ये ठेवल्यानेही जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते निपचित पडतात. पायाला बुरशीने चिखल्या झाल्या असतील तर पाय आणि बूट दोन्हींवर एकदमच उपाय हवा. एकाकडे दुर्लक्ष केलं तर त्रास पुन्हा उलटू शकतो.

काही गोष्टी मात्र परत येत नाहीत. बोट फिरवल्यावर लालसर भुकटी हाताला लागत असेल, तर ते कातडं आतून कुजलं आहे. पॉलियुरेथेनचा तळवा दमट हवेत वर्षानुवर्षं पडून चुरा होतो, तोही चिकटवून टिकत नाही. पण वरचं कातडं शाबूत असेल, तर बूट टाकू नका. चांगल्या चांभाराकडे न्या, नवा तळवा बसवून मिळतो.