सेलेनियमची चिमूट

चीनच्या ईशान्येकडच्या केशान परगण्यात १९३५ मध्ये हृदयाचा एक विचित्र आजार लक्षात आला. बळी जात होते ते मुख्यतः लहान मुलांचे आणि तरुण बायकांचे. कारण बऱ्याच वर्षांनी उलगडलं: तिथल्या मातीत सेलेनियम नगण्य, म्हणून धान्यातही नगण्य. १९७०च्या दशकात मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या दिल्यावर रुग्ण झपाट्याने घटले. (या आजारात एका विषाणूचाही हात असावा असं मानतात, सगळं खापर मातीवर फोडण्यात अर्थ नाही.)

आपल्याकडे पंजाबात नेमकं उलट. होशियारपूर, नवांशहर भागातल्या काही शेतांत सेलेनियम इतकं जास्त आहे, की तिथला चारा खाऊन गुरांचे खूर तडकतात, केस झडतात. माणसांचीही नखं गळाल्याच्या नोंदी आहेत.

प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम, वरची मर्यादा साधारण ४००. म्हणजे गरज आणि धोका यांत जेमतेम सात पटींचं अंतर. तेव्हा केस गळतात म्हणून स्वतःच्या मनाने सेलेनियमच्या गोळ्या सुरू करू नका. त्या जास्त झाल्या तरी केसच गळतात.