कान्हदास सोनाराचा यक्ष

पितळखोऱ्याला पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास बुचकळ्यात पडतो. लेणी बघायची म्हणजे डोंगर चढायचा, अशी आपली समजूत. इथे गाडी सातमाळ्याच्या माथ्यावर थांबते आणि पायऱ्या खाली उतरतात. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून, गौताळा अभयारण्यातून आलं की पठार एकदम तुटतं आणि त्या कड्याच्या पोटात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदायला घेतलेली बौद्ध लेणी दिसतात. कागदोपत्री जागा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली. पण डोंगराखालच्या पाटणादेवीला नवस फेडायला जाणारे आम्ही जळगावकर तिला परकी मानत नाही.

मी सराफ बाजारातला कारागीर. पुढे काचेची दुकानं, मागे आम्ही. आमच्या जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, पेढ्यांची नावं लांबवर पोचली आहेत. डाग घडवणाऱ्याचं नाव मात्र त्यावर कधी नसतं. शुद्धतेचा शिक्का असतो, पेढीची खूण असते, बस. म्हणून पितळखोऱ्यात माझा जीव अडकला तो एका नावापाशी. १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी तिथला ढिगारा उपसला, तेव्हा त्यात एक दगडी यक्ष निघाला. बुटका, ढेरपोट्या, हसरा, डोक्यावर पात्र धरलेला. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरलं आहे की हा कान्हदास सोनाराने केला.

सोनाराने दगडाला हात घालावा यात त्या काळी नवल नव्हतं. सांचीच्या दक्षिण तोरणावरही विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी काम केल्याचा लेख आहे. यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. मी त्याचं मनगट आधी पाहिलं, तोंड नंतर, सवयीचा गुलाम. हातात कडी, कानात जड कुंडलं, गळ्यात माळ. दागिना नुसता कोरणारे पुष्कळ असतात, कान्हदासाने तो अंगावर घातलेला दाखवला आहे. बोटं चालवणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

यक्ष म्हणजे धनाचा राखणदार, कुबेराच्या गोतातला. सगळं सोडून आलेल्या भिक्खूंच्या दारात त्याचं काय काम? तसं पाहिलं तर तो एकटा नाही. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर रांगेने हत्ती उभे आहेत, जणू सगळा विहार त्यांनीच पाठीवर पेलला आहे. दाराशी ढाल-भाला घेतलेले दोन द्वारपाल. ढिगाऱ्यातून गजलक्ष्मीही निघाली, म्हणजे दिवाळीत आम्ही पेढीवर जिला पुजतो तीच. लोक आधीपासून ज्यांना भजत होते, त्यांना हाकलून न देता दाराशी नेमणूक दिली, असा माझा अंदाज. आत मात्र बुद्धाची मूर्तीच नव्हती. सुरुवातीच्या त्या काळात त्याला माणसाच्या रूपात दाखवत नसत, स्तूप हीच त्याची खूण. तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहात स्तूपापाशी स्फटिकाचे करंडक सापडले. खांबांवर रंगवलेले बुद्ध दिसतात ते काही शतकं नंतरचे.

नागापाशी मात्र थोडं थांबाच. चौथ्या लेण्याच्या जिन्याशी पाच फण्यांचा नाग आहे आणि फण्यांना बारीक भोकं आहेत. मागून दगडात पाट कोरून आणलेलं पाणी त्या भोकांतून खाली यायचं आणि आत शिरणाऱ्याचे हातपाय धुतले जायचे. नाग हा पाण्याचा धनी, ही जुनी श्रद्धा. इथे त्याला चक्क नळाचं काम दिलं आहे. ज्याला हे सुचलं, त्याला देवाची भीती कमी आणि पाण्याची जाण जास्त असावी.

पैसा कुणाचा, हेही खांबा-भिंतींवर लिहिलं आहे. पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव, संघकाचे मुलगे, राजवैद्य मगिलाच्या घरची माणसं. सातवाहनांच्या पैठणहून उत्तरेला जाणारा माल याच डोंगररांगेतून खानदेशात उतरायचा. टॉलेमीने नोंदवलेलं पेत्रिगल ते हेच, असं अभ्यासक मानतात.

जागा निवडताना दगडाने मात्र दगा दिला. कातळाचे थर ठिसूळ, त्यात पाणी मुरतं. दर्शनी भागाचा बराचसा हिस्सा कोसळून गेला आहे. चैत्यगृहाचे बरेच खांब आज सिमेंटचे आहेत. पावसाळ्यात धबधबा बघायला गर्दी लोटते, सेल्फी काढून परत फिरते. नागाची भोकं कुणी मोजत नाही.

माझी एक सूचना आहे. यक्ष दिल्लीहून परत येईल ही आशा सोडा, पण त्याची एक प्रतिकृती तिथे पायऱ्यांपाशी बसवायला काय हरकत आहे? प्लास्टरची नको. खानदेशातल्या एखाद्या कारागिराकडून काळ्या दगडात घडवून घ्यावी, आणि तिच्या हातावर त्याचं स्वतःचं नाव कोरायची परवानगी कामाला हात लावण्याआधी लेखी घ्यावी.