जुन्या भिंती आणि चुना

पावसाळा सरून दिवाळी जवळ आली, कीं घरोघरीं सफेतीची लगबग सुरू होते. जुन्या घराच्या मालकापुढें तेव्हां एक प्रश्न हटकून उभा राहतो : पडलेला गिलावा सिमेंटनें करावा कीं चुन्यानें? सिमेंट मजबूत, म्हणून पुष्कळांचा कल तिकडे असतो. परंतु माती व चुना यांत बांधलेली भिंत जमिनींतील ओल शोषून घेते आणि पृष्ठभागावाटे हवेंत सोडते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट थर दिला म्हणजे ही वाट बंद होते. ओल आंतच कोंडून वर चढते आणि भिंतींत बसविलेलीं तुळयांचीं टोंकें कुजूं लागतात. वरून भिंत नवी दिसते. आंतून घर खचत असतें.

चुन्याचें तसें नाहीं. चुनखडी सुमारें ९०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत भाजली, कीं कळीचा चुना होतो. पाण्यानें तो विरतो, आणि भिंतीवर हवेंतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीचेंच रूप धारण करतो. तरीहि तो सच्छिद्र राहतो.

सफेतीपूर्वीं पोपडे खरवडावे, भिंत किंचित् भिजवावी, चुना गाळून त्यांत थोडा डिंक घालावा. एका जाड हातापेक्षां तीन पातळ हात बरे. चुना विरवितांना तो थोडा थोडा पाण्यांत सोडावा. पाणी उकळूं लागतें, म्हणून मुलांना दूर ठेवावें व डोळे जपावे.

मात्र या सर्वांआधीं फुटकीं कौलें व तुंबलेलीं पन्हळें दुरुस्त करावीं. ओलीचें मूळ कायम राहिलें, तर चुनाहि टिकणार नाहीं.