चॅटबॉटला काय विचारायचं, आणि त्याआधी वहीत काय लिहायचं

सुरुवातीला हात वर करायला सांगितले, तेव्हा दिसलं की इथले निम्म्याहून अधिक लोक स्वतःचं काहीतरी चालवतात. कुणाचं दुकान, कुणाचे डबे, कुणाचं शिवणकाम. आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं धंद्याबद्दल चॅटबॉटला विचारूनही झालंय. तेव्हा ‘एआय म्हणजे काय’ इथून सुरुवात करत नाही. थेट चकलीपासून करू.

आम्ही चौघे दर शनिवारी लहान उद्योजकांबरोबर बसतो. आमच्यात एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, एक हिशेबनीस, आणि आम्ही दोघं संगणकवाले. फी नाही, चहा ज्याचा त्याने आणायचा. गेल्या वर्षी तिथे एक ताई आल्या. घरी चकली, शेव, चिवडा करून विकतात, हाताखाली तीन बायका. (त्यांची परवानगी घेऊन सांगतोय, गावाचं नाव मात्र सांगणार नाही.) पिशवीतून त्यांनी बारा पानं काढली. रंगीत छपाई, आलेख, वर ‘व्यवसाय विस्तार योजना’ असं शीर्षक. मुलाने चॅटबॉटकडून करून घेतली होती. चकलीचं स्वयंचलित यंत्र, वायरिंग, शेड मिळून खर्च 9 लाख. पदरचे 1 लाख, बँकेकडून 8 लाख. ताईंचा प्रश्न एवढाच होता : “साहेब, सही करू का?”

योजना वाचायला फार छान होती, हे आधी कबूल करतो. भाषा शुद्ध, मांडणी नेटकी. बँकेत अशी पानं घेऊन गेलं तर माणूस खुर्ची पुढे करतो. आमचे बँकवाले काका पहिल्या पानावर मान डोलवत होते, चौथ्या पानावर थांबले. तिथे लिहिलं होतं की विक्री दर महिन्याला 15 टक्क्यांनी वाढेल. पंधरा टक्के म्हणजे काही फार वाटत नाही. पण दर महिन्याला 15 टक्के, असं बारा महिने केलं की विक्री पाच पटींहून जास्त होते. काका म्हणाले, “ताई, पुढच्या दिवाळीपर्यंत तुमची चकली पाच गावं खाणार की गाव पाचपट खाणार?” (हशा)

आता हे 15 टक्के आले कुठून? मुलाने दिले नव्हते. चॅटबॉटला कुणी विचारलंही नव्हतं. इथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा थांबू.

चॅटबॉटने अफाट मजकूर वाचलेला असतो. त्यावरून, पुढे कोणता शब्द येणं सगळ्यांत शोभेल, हे तो ठरवत जातो. व्यवसाय योजना लिहायला सांगितली की आजवर वाचलेल्या हजारो योजनांसारखी एक तयार करतो. योजनेत वाढीचा दर असतो, म्हणून दर घालतो. नफ्याची टक्केवारी असते, म्हणून ती घालतो. तुम्ही जी जागा रिकामी ठेवाल ती तो सरासरीने भरतो, आणि भरली आहे हे ठळकपणे सांगतोच असं नाही. जुना हिशेबनीस असता तर म्हणाला असता, “आधी वही दाखवा, मग बोलू.” चॅटबॉट आपण होऊन वही क्वचितच मागतो. त्याच्याकडून ती मागवून घ्यावी लागते.

ताईंच्या योजनेतल्या रिकाम्या जागा अशा भरल्या होत्या. नफा सरसकट 40 टक्के. विक्रीच्या किमतीवर 12 टक्के जीएसटी. पाकीटबंद फरसाणावर 12 टक्के होता हे खरं, पण 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. आणि मुळात ताईंची उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या कितीतरी खाली, माल राज्याबाहेर जात नाही, त्यांची जीएसटी नोंदणीच नाही. मग 12 काय आणि 5 काय. तिसरी जागा सर्वांत धोक्याची होती. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्र सरकारच्या योजनेत 35 टक्के अनुदान असतं, कमाल 10 लाखांपर्यंत. चॅटबॉटने 9 लाखांचे 35 टक्के, म्हणजे 3 लाख 15 हजार, पहिल्याच महिन्यात रोख जमा दाखवले होते. ते अनुदान असं हातात पडत नाही. ते बँकेतच राहतं, आणि कर्जखातं तीन वर्षं नीट चाललं की कर्जात वळतं होतं. त्या तीन लाखांवर विसंबून कुणी तेलवाल्याला शब्द दिला, तर काय होईल ते सांगायला नको.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. न्यूयॉर्क शहराने 2023 च्या ऑक्टोबरमध्ये लहान व्यावसायिकांसाठी मुद्दाम चॅटबॉट सुरू केला. 2024 च्या मार्चमध्ये पत्रकारांनी त्याला प्रश्न विचारून पाहिले. नोकरांना मिळालेल्या बक्षिशीतून मालकाने वाटा घेतला तर चालतो, दुकानाने रोख पैसे नाकारले तरी चालतात, असं तो सांगत होता. दोन्ही गोष्टी तिथे बेकायदा. म्हणजे शहराच्या स्वतःच्या कायद्याविरुद्ध शहराचाच सल्लागार बोलत होता. तेव्हा कर, परवाना, अनुदान, कामगार कायदा यांतलं चॅटबॉटने सांगितलेलं एकही वाक्य मूळ ठिकाणी पाहिल्याशिवाय वापरू नका. त्याला विचारायचं ते एवढंच, की हे पडताळायला कोणत्या कार्यालयात जायचं आणि तिथे नेमके कोणते प्रश्न विचारायचे. हे काम तो चांगलं करतो.

पण मग वापरायचाच कशाला? असं कुणीतरी मागून म्हणतंय. थांबा, ताईंची गोष्ट अर्धीच झालीय.

पुढच्या शनिवारी आम्ही त्यांना वही आणायला सांगितली. वही म्हणजे शाळेची दोनशेपानी, निम्मे आकडे पेन्सिलीने, मधेच तेलाचे डाग. पण वही खरी होती. तिच्यातून निघालं ते असं. चकलीचा कच्चा माल किलोला 170 रुपये, गॅस 20, पिशवी-लेबल 18, मजुरी 60. एकूण 268. घरून थेट विकली तर 400 ने जाते, दुकानदाराला 320 ने. म्हणजे थेट विक्रीत किलोला 132 सुटतात, दुकानातून 52. साध्या महिन्यात 200 किलो जाते, 80 थेट आणि 120 दुकानांतून. महिन्याला सुटतात 16,800. यात ताईंची स्वतःची मजुरी धरलेली नाही. ती आपल्याकडे कुणीच धरत नाही, त्यावर वेगळं व्याख्यान होईल.

आता हे सगळं मराठीत टाइप करून चॅटबॉटला दिलं. एक गोष्ट अनुभवाने शिकलोय : ‘पावणेदोन लाख’, ‘दीड शेकडा’ असं लिहू नका, सरळ अंकांत लिहा. आणि सांगितलं, “योजना लिहू नकोस. आधी मला प्रश्न विचार, एका वेळी एकच. मी न दिलेला एकही आकडा धरू नकोस, धरावाच लागला तर ‘गृहीत’ असं लिही.” बास, एवढ्या तीन वाक्यांनी त्याचं वागणंच बदललं. यंत्र आल्यावर मजुरी किती उरेल, विजेचं बिल किती, दुकानदार पैसे किती दिवसांनी देतात, तेलवाल्याला किती दिवसांत द्यावे लागतात, असं तो विचारत गेला. दुकानदारांच्या प्रश्नावर ताई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात.”

मग आकडे बाहेर आले. आठ लाख, पाच वर्षं, 11 टक्के व्याज : हप्ता महिन्याला सुमारे 17,400. यंत्रामुळे मजुरी आणि वीज धरून किलोमागे 25 रुपये वाचतात. म्हणजे आहे तेवढ्याच 200 किलोंवर 5,000 वाचले. 16,800 चे 21,800 झाले. त्यातून हप्ता गेला, हातात उरले 4,400. पूर्वीइतकेच पैसे घरात यायचे असतील तर महिन्याला आणखी 161 किलो दुकानांत खपवायला हवी. आणि ती पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर, म्हणजे आणखी सुमारे 77,000 रुपये कायम दुकानदारांकडे अडकलेले. हे बेरीज-वजाबाकीचं काम आम्ही कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिलं, तुम्हीही पाहत जा, कारण चॅटबॉट आकडेमोडीतही चुकतो आणि चुकलेलं उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने देतो.

बारा पानांच्या योजनेत यातलं एकही वाक्य नव्हतं. चॅटबॉट तोच. फक्त या वेळी रिकामी जागा नव्हती.

हेच मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलंय, ते सांगतो. 2023 मध्ये हार्वर्ड आणि बर्कलेच्या संशोधकांनी केनियातल्या सुमारे 640 लहान उद्योजकांवर प्रयोग केला. त्यांतल्या काहींना व्हॉट्सअ‍ॅपवर एआय सल्लागार दिला, काहींना नाही. सरासरी फरक जवळपास शून्य. पण आत डोकावल्यावर दिसलं की ज्यांचा धंदा आधीच बरा चालत होता त्यांचा पंधरा-वीस टक्क्यांनी सुधारला, आणि ज्यांचा आधीच अडचणीत होता त्यांचा आठ-दहा टक्क्यांनी आणखी घसरला. सल्ला एकाच जागेहून येत होता. संशोधकांचं पुढचं म्हणणं असं, की फरक पडला तो त्यातला कोणता सल्ला उचलला यात. अडचणीतल्यांनी ‘किंमत कमी करा, जाहिरात करा’ असा कुणालाही लागू पडेल असा सल्ला उचलला. बाकीच्यांनी आपल्या धंद्याला नेमका लागणारा उचलला.

आम्हाला हे वाचून जरा वाईटच वाटलं. ज्याला सल्ल्याची गरज जास्त, त्यालाच तो जास्त बाधतो. ज्याच्याकडे सीए आहे, हुशार भागीदार आहे, त्याला हे यंत्र आणखी वर नेणार. आणि ज्या ताईंकडे फक्त मुलाचा मोबाइल आहे, त्यांना ते बारा रंगीत पानं देणार. म्हणून आम्ही शनिवारी बसतो, दुसरं काही कारण नाही.

आता होयबाबद्दल. हा सल्लागार स्वभावाने होयबा आहे. “यंत्र घ्यावं म्हणतोय, कसं वाटतं?” असं विचारलंत तर बहुतेक वेळा तो “उत्तम विचार आहे” इथूनच सुरू होतो. 2025 च्या एप्रिलमध्ये चॅटजीपीटी इतका गोडगोड बोलायला लागला होता, की कंपनीला तो बदल काही दिवसांत मागे घ्यावा लागला. आपल्याला स्तुती नको आहे, खोट दाखवणारा हवा आहे. ताईंकडून आम्ही लिहून घेतलं : “समज, कर्ज घेतलं आणि दोन वर्षांत हा धंदा बुडाला. कशामुळे बुडाला ते पाच कारणांत सांग, आणि प्रत्येक कारण माझ्या वहीतल्या कोणत्या आकड्यावरून काढलंस ते लिही.” पहिलं कारण आलं उधारीचं. दुसरं असं : यंत्राची खरी गरज वर्षातून दोनच महिने, दिवाळीच्या आधी, आणि हप्ता मात्र बाराही महिने.

उधारीवर त्याने एक उपायही सुचवला. सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत, आणि नसला तर पंधरा दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्क आहे. तर दुकानदाराला नोटीस पाठवा. कायदा बरोबर. पण सगळ्यांत जास्त थकबाकी ज्या दुकानदाराकडे, तो ताईंचा चुलतदीर. नोटीस पाठवली तर दिवाळीला घरात कोण येणार? हे चॅटबॉटला माहीत असायचं कारण नाही. ताईंनी दुसरंच केलं. त्या दुकानात माल निम्मा केला, आणि नवीन दोन दुकानांना रोखीने 310 ला द्यायला सुरुवात केली. किलोमागे 10 रुपये सोडले, पण पंचेचाळीस दिवस वाचले.

दिवाळीच्या दोन महिन्यांचं मात्र काहीतरी करायलाच हवं होतं, कारण हात कमी पडतात म्हणून त्या दरवर्षी ऑर्डरी परत पाठवतात. चॅटबॉटने विचारलं, “तुमच्या आसपास असं यंत्र कुणाकडे पडून आहे का?” ताई लगेच म्हणाल्या, शेजारच्या गावातल्या बचत गटाकडे आहे की! दोन वर्षांपूर्वी घेतलं, कापडाखाली झाकून ठेवलंय. आता ही माहिती कुठल्याही पुस्तकात नव्हती, इंटरनेटवर नव्हती. ताईंच्या डोक्यात होती, पण हा प्रश्न त्यांना त्याआधी कुणी विचारला नव्हता. आम्हीही नाही.

जाता जाता एक. वहीतले आकडे द्या, पण गिऱ्हाइकांचे फोन नंबर, आधार, बँकेचं खातं असलं काही त्यात टाकू नका. दुकानदारांची नावं ‘दुकान 1’, ‘दुकान 2’ अशी लिहिली तरी हिशेब तोच येतो.

तर ताईंनी बँकेत सही केली नाही. बचत गटाशी बोलणं सुरू केलंय. गट किलोला 15 रुपये मागतोय, ताई 12 म्हणतात. कराराचा अर्ध्या पानाचा मसुदा त्यांनी चॅटबॉटकडूनच मराठीत करून घेतला. गटाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि एकच ओळ खोडली : यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा. त्यांचं म्हणणं, चालवणार तुम्ही, तर खर्चही तुमचा. त्या ओळीवर येत्या शनिवारी आमच्याकडे दोघी येणार आहेत.