छोट्या हॉलसाठी एव्ही रिसीव्हर घेताय? वॅट नंतर बघा, आधी टेप काढा

दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये होम थिएटर बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा घेऊ?" खरं तर छोट्या हॉलसाठी हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. रिसीव्हर टीव्ही युनिटमध्ये मावेल का आणि तिथे गार राहील का, हे आधी बघा.

जागा कशी मोजायची?

नेहमीचे रिसीव्हर साधारण 15 ते 17 सेंमी उंच असतात. मरांट्झच्या 'सिनेमा 70एस'सारखं स्लिम मॉडेल सुमारे 11 सेंमीचं. पण पुढून मागे मोजलं तर तेही 38 सेंमीच्या आसपास जातं. शिवाय मागे केबल वळायला 5-6 सेंमी लागतात. म्हणजे 40 सेंमीच्या युनिटमध्ये मागची प्लाय कापावीच लागेल. वर हवा खेळायला जागा सोडा, आणि त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका.

50 वॅट पुरतील का?

आरामात. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. 87 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर अडीच मीटरवर बसलेल्या माणसाला 8-10 वॅटमध्येच भरपूर मोठा ऐकू येतो. आकडा वाचताना मात्र अटी बघा. '8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, दोन चॅनल' असं लिहिलेले 50 वॅट प्रामाणिक. '6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, एक चॅनल, 10 टक्के डिस्टॉर्शन' अशा अटींवर आकडा सहज फुगतो. स्पीकर 4 ओहमचे असतील, तर रिसीव्हरला ते चालतात का हे मॅन्युअलमध्ये तपासा.

5.1 की 7.1?

सोफा भिंतीला टेकलेला असेल तर 7.1 चे मागचे दोन स्पीकर लावणार कुठे? 5.1 घ्या. सात चॅनल असतीलच, तर उरलेले दोन छतावर लावून 5.1.2 ॲटमॉस करता येतं.

ईएआरसी हवंच का?

टीव्हीवरच्या ओटीटी ॲपचा ॲटमॉस बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि तो साध्या एआरसीवरूनही जातो, फक्त टीव्हीने तो पुढे पाठवायला हवा. म्हणून टीव्ही जुना असेल तर लगेच बदलायची घाई नको. ब्लू-रे प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा, प्रश्नच मिटला.

आणि हो, अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांकडून स्वस्तात मागवायचा विचार असेल तर थांबा. तिकडचं मॉडेल सहसा 120 व्होल्टचं असतं. आपल्या 230 व्होल्टच्या प्लगला थेट लावलं तर कामातून जाईल.

यातून वाचलेले पैसे कुठे घालायचे? चांगल्या स्पीकरमध्ये. सुरुवात दोन स्पीकरने केली तरी चालेल, बाकीचे सवडीने जोडता येतात. रिसीव्हर घेण्याचा खरा फायदा तोच.